नाचायला पाठवलेली मुलगी

बॅलेवाल्या मॅडमनी मला फसवलं. बॅले म्हणजे पायाच्या बोटांवर अंग तोलून करायचा परदेशी नाच. सरावासाठी भोसरीतली माझी शेड त्यांच्या कंपनीला दर रविवारी फुकट, बदल्यात माझ्या लेकीला स्टेजवर नाचवायचं, असा सौदा ठरला होता.

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. नवे कोरे बूट फरशीवर आपटून मऊ करायच्या, बोटांना चिकटपट्टी गुंडाळायच्या आणि माझ्याकडे न बघता बोलायच्या.

चिंचवडला कार्यक्रम झाला. बघायला चाकणच्या कारखान्यांतले कामगार बायकापोरांसह आले होते. मधे एक मुलगी नाचली आणि माझी लेक कडेला हात वर करून नुसती उभी राहिली.

मी आत जाऊन भडकलो. "मॅडम, पोरगी नाचायला पाठवली होती, खांब करायला नाही."

त्या बुटाची फीत सोडत म्हणाल्या, "दादा, आज ती हलली नाही. वर्षभर तेच शिकवतेय."

घरी लेकीचे पाय थरथरत होते. "पप्पा, मी हलले का?" मी नाही म्हणालो, तर केवढी हसली.

माझं डोकंच चालेना. उभं राहणं हाही नाचच असेल, तर सौदा करतानाच का सांगितलं नाही? बाईंनी शेडवर येऊन याचं उत्तर द्यावं.