हळकुंडाचा दोरा

मांडवीच्या आमच्या घरी तो मुलगा बघायला आला होता मला. पोह्यांवर खोबरं मी पेरलं, चहा मी नेला आणि त्याने पसंत केली ती मागून पाण्याचे पेले घेऊन आलेली धाकटी बहीण. लग्नात मी हसून पंगत वाढत होते आणि आतून जळत होते.

पुढे ती जिना चढताना धापा टाकू लागली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. हृदयाचा स्नायूच जाड झाला होता. कुठे आणि किती, ते नव्यानेच आलेल्या चुंबकाच्या मोठ्या यंत्रात दिसणार होतं. मला तर त्या आजाराचाही हेवा वाटला. शहाळी तिला, मऊ उशी तिला, आणि तो रजा टाकून तिच्या उशाशी. मला ताप आला की माझी पेज मीच करून प्यायचे.

यंत्रात अंगावर धातू चालत नाही, असं आदल्या दिवशीच बजावलं होतं. मंगळसूत्र उतरवलं तरी सवाष्णीचा गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणून आईने पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून आणलं. ते गळ्यात घालून बहिणीने मंगळसूत्र, सेफ्टी पिनांसकट, माझ्या हातात दिलं. आईच्या नाही, नवऱ्याच्या नाही.

ती आत गेली. आई देवाचं नाव घेत कोपऱ्यात बसली. बाकावर मी आणि तो. शेजारच्या म्हातारीने माझ्या हातातलं मंगळसूत्र बघून त्याला विचारलं, "बायकोला कधी घेणार आत?"

"बायको आतच आहे," तो म्हणाला. दाराकडेच बघत होता. मी मूठ आवळली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, घामेजलेली. माझ्या शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "ताई, घालून बघितलंस काय गो?"

"मला काय करायचंय तुझं मंगळसूत्र!"

"बघायचंस. आत मला सारखं वाटत होतं, मी नाही आले बाहेर, तर ते तुझ्याकडेच राहू दे."

मला रडू आलं, आणि रागही आला. मरणाच्या भीतीतसुद्धा हीच माझ्यापेक्षा चांगली निघाली होती. मी मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं. हळकुंडाने तिची मान पिवळी झाली होती. ती मी पदराने पुसली, जरा जोरातच.