अर्धा घोट

"औषधाचं नाव बघू न्हाई, जनावराचं अंग बघावं," असं धुळा म्हणायचा आणि म्हणून झालं की कोणी ऐकलं का, तेही बघायचा.

माणच्या कोरड्या मुलखातला हा धनगर. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन आष्ट्याकडं उतरायचा, ऊस तुटलेल्या रानांत खतासाठी बसवायचा आणि पावसाआधी माघारी वळायचा. जंताचं औषध पाजायला शेजारच्या तळांवरचे मेंढके त्यालाच बोलवत. गुडघ्यात मेंढी धरायची, पाठीवरून हात फिरवायचा, कानाचं मूळ चाचपायचं. अंग ऊबदार असेल तर पुरा घोट. गार पडलेली, मान टाकलेली असेल तर अर्धा. त्याच्या हातून मेंढी दगावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तो हात त्याच्या बायकोच्या, रंगुबाईच्या पाठीवरून मात्र कधी फिरला नाही.

तिचा गळा सुजला तेव्हा मुलगा सिद्धू मुंबईहून आला आणि तिला साताऱ्याला घेऊन गेला. थायरॉइड मंदावलंय, रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, जन्मभर, असं डॉक्टर म्हणाले. गोळीनं ती हलकी झाली. पण पुढच्या साली तळावर गोळ्या संपल्या आणि धुळ्यानं आणल्या नाहीत.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग गोळी कशाची? काम चुकवायचं सोंग हाय."

हिवाळाभर रंगुबाई आतून विझत गेली. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, उन्हातही अंगावरचं घोंगडं सुटेना. भाकरी थापता थापता हात थांबायचा. धुळा जोडीदाराला, नाथाजीला मुद्दाम मोठ्यानं सांगायचा, "बैल बसला तर शेपटी पिरगळावी. हिला शेपटीबी न्हाई गड्या!"

नाथाजी हसायचा. रंगुबाईही हसायची. न हसून कुठं जाणार?

माघात तिची पाठ धरली. ती कण्हू लागली. धुळ्याकडं स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आणलेल्या भारी, गुंगी आणणाऱ्या गोळ्या होत्या. दोन खाऊन तो दिवसभर मेंढरांमागं फिरायचा. त्यातल्याच दोन त्यानं तिच्यापुढं धरल्या.

"आवं, एक बास हुईल."

"मला दोन लागत्यात आन् तुला एक? तू काय पाटलीण हायस? गीळ."

तिनं गिळल्या. मग ती झोपली, आणि ऊन डोक्यावर आलं तरी उठली नाही. धुळ्यानं काठीच्या टोकानं ढोसलं. "झोपू दे. कण्हणं तरी थांबलं."

रानाची मालकीण शालूबाई मेंढरं बसवल्याचं धान्य घेऊन आली, तिनं वाकून रंगुबाईचा हात धरला आणि ओरडली, "आवं, बाई गार पडलीया! दम बघा की, किती येळानं घेतीया!" घरची जीप काढायला लावून तिनंच त्या दोघांना घेऊन सांगली गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी धुळ्याला समोर उभं केलं. "थायरॉइड मंदावलं की शरीराची चूल मंद होते. जे औषध तुमच्या अंगातून लवकर निघून जातं, ते हिच्या अंगात साचून राहतं. थोड्या गुंगीनंही हिचा श्वास दबतो. रोजची गोळी बंद कोणी केली?"

"मेंढरं सुटी हायत," म्हणून धुळा निघून गेला.

रंगुबाई वाचली. शालूबाईनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. सकाळची गोळी पुन्हा सुरू झाली. हळूहळू तोंडाची सूज उतरली, आवाज परत आला. मग एका सकाळी दारासमोर मेंढरं थांबली.

"चल," धुळा म्हणाला. "माघारी निघालोय. भाकरी कोण करंल?"

पायरीवर बसलेल्या रंगुबाईनं विचारलं, "ती आजारी पडल्याली पांढऱ्या कानाची मेंढी जगली का वो?"

"जगली की! गार पडली हुती. अर्धाच पाजला."

"आन् मला?"

नाथाजी खाली बघू लागला. क्षणभर धुळ्याचा हात हवेतच अडकला, पाठ शोधावी तसा. मग तो म्हणाला, "मेंढीला बाजारात गिऱ्हाईक हाय."

आणि हसून त्यानं नाथाजीकडं बघितलं. नाथाजी हसला नाही.

"मग भाकरी तिच्याकडनंच थापून घ्या," रंगुबाई म्हणाली.

धुळा वळला. मेंढरं हाकत वाटेला लागला. पांढऱ्या कानाची मागं रेंगाळली, तशी त्यानं काठी बगलेत मारली, वाकून तिला अलगद उचललं आणि खांद्यावर घेतलं. धूळ खाली बसेपर्यंत रंगुबाई पायरीवरून बघत राहिली.