जांगडची साडी

मुलीनं परवा चित्रकला शिकवणारं एक अ‍ॅप फोनवर घेतलं. सात दिवस फुकट. फुकट म्हणतात आणि आधी कार्डाचा नंबर मागतात, तिथेच माझं डोकं सणकतं. तरी नंबर दिला, कारण पोरीला रंगवायचं होतं. पण अ‍ॅप सुरू झाल्याबरोबर मी सेटिंगमध्ये शिरले आणि पुढची वर्गणी रद्द करून टाकली. ते बटण नेहमीसारखंच तळाशी, दिसू नये इतकं बारीक होतं.

"मम्मी, हजू तो सात दिवस बाकी छे!" मुलगी ओरडली. सुरतच्या गोडादऱ्यात वाढलेली पोर, चिडली की गुजरातीतच चिडते.

तिला दाखवलं, आज रद्द केलं तरी सातही दिवस चालणार आहे, तसं तिथेच लिहिलंय. जिथे रद्द करताच बंद पडतं, तिथे मी आदल्या दिवसाचा अलार्म लावते. माझा नवरा मात्र नुसतं अ‍ॅप काढून टाकतो आणि हात झटकतो. मग पैसे कापल्याचा मेसेज आला की घरभर आदळआपट. अ‍ॅप काढल्यानं कापणं थांबत नाही, हे सांगून माझी जीभ झिजली. उलट तोच मला हसतो, एवढी कसली घाई म्हणून. घाई नाही ती, आईकडून आलेली धास्ती आहे.

आई जांगडवर साड्या आणायची. रिंगरोडच्या मार्केटातला एक शेठ तिला पैसे न घेता गठ्ठा द्यायचा. विकल्या त्यांचे पैसे द्यायचे, उरलेल्या शनिवारी परत, होत्या तशाच घडीत. जी परत गेली नाही किंवा खराब झाली, ती तुम्ही विकत घेतली असं धरलं जायचं. वडील लूमच्या कारखान्यात होते. त्यांच्या पगारात खोलीचं भाडं आणि पोटं भागायची. माझी शाळा या साड्यांवर चालायची.

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या खोलीत बायका जमायच्या, सगळ्या खानदेशातल्या. गठ्ठा सुटला की नव्या कापडाचा वास खोलीभर व्हायचा. कुणी नुसतंच अंगाला लावून बघायची, कुणी भाव पाडायची, कुणी माहेरचं गाऱ्हाणं काढून रडून घ्यायची आणि साडी न घेताच जायची. त्या दुपारी मला अजून फार आठवतात. आई साडी पुढे करताना बजावायची, "दखा, पन घडी मोडू नका व."

एकदा गठ्ठ्यात एक मोरपंखी साडी आली. आई ती सगळ्यात शेवटी काढायची, तीही कुणी मागितली तरच. वडील एकदा म्हणाले, "ठी ले ना तुले." साडी ठेवून घ्यायची तर पैसे भरायला हवेत; आईनं ती पुन्हा गठ्ठ्यात सारली. तिच्या पेटीत होत्या त्या सगळ्या लग्नकार्यात आहेरात आलेल्या, कुणीतरी दुसऱ्यानं निवडलेल्या साड्या.

शेजारच्या खोलीतली बाई ती साडी "धनीले दखाडीसन सकाय देस" म्हणून घेऊन गेली. नवऱ्याला दाखवून सकाळी देणार होती, दिली दोन दिवसांनी. घडी अगदी चोख होती. शुक्रवारी गठ्ठा बांधताना आईनं सहज पदर उलगडला, तर त्यावर हळदीची बोटं. बाईच्या नणंदेची हळद त्याच आठवड्यात झाली होती, सगळ्या गल्लीला माहीत होतं. विचारायला गेल्यावर तिनं सरळ कानावर हात ठेवले. "पयलेपासूनच व्हता तो डाग." मला आजही ती समोर आली तर दोन शब्द सुनवावेसे वाटतात.

आईनं साबण लावला, लिंबू लावलं. डाग फिका झाला, गेला नाही.

वडील म्हणाले, "घडीना मझार घाल डाग. शेठले काय मालूम पडी?"

"आन मालूम पडनं ते? मंग माले साडी कोन देई?"

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. तिनं गठ्ठा सोडण्याआधीच मोरपंखी साडी काढली आणि डाग वर करून शेठपुढे ठेवली. धंदा बंद झाला तर माझी शाळा सुटणार, हे मलाही कळत होतं. शेठनं डागावर अंगठा घासून पाहिला. "बेन, आ तो हवे तमारी," म्हणजे ही आता तुमचीच, एवढंच तो म्हणाला आणि नोकराला आईसाठी नवा गठ्ठा काढायला सांगितलं.

त्या साडीची किंमत चुकवता चुकवता आईच्या नाकी नऊ आले. कितीतरी आठवडे ती त्या बाईला, त्या हळदीला आणि स्वतःच्या भोळेपणाला शिव्या घालत होती. साडी पेटीच्या तळाशी गेली. तिचं नाव काढलं तरी आई फणकारायची.

अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी आल्या, गल्लीत झोके बांधले गेले. दुपारी मी घरात आले तर आई ती साडी नेसून आरशासमोर उभी. डाग तिनं बरोबर पदराच्या घडीत आत घेतला होता. मला पाहून ती दचकली. म्हणाली, पैसे गेलेच आहेत तर नेसून तरी घेते. मग पुन्हा आरशाकडे वळली, पदर खांद्यावर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "कशी दिखस मी?"

तोवर तिनं मला असं कधीच विचारलं नव्हतं.