सरांचा चहा

"ग्लोव्हज काढ आणि तिला दे. ऊस तोडायला ग्लोव्हज लागत नाहीत."

फुटबॉलचे नवे सर हे बोलले. कॉलेजच्या मैदानावर, भर संध्याकाळी, साऱ्या टीमसमोर. मी गोलात उभी होती. रोज जिथी उभी राह्यची तिथीच. सरांच्या मागं एक पोरगी उभी, नेहा तिचं नाव, सरांनी शहरातून आणलेली नवी गोलकीपर. बोलून सर हसले. त्यांच्यासंग आलेल्या पोरी हसल्या. आमच्यातल्याबी दोघी हसल्या, अन् ते जास्त लागलं.

म्या ग्लोव्हज काढले. आतून घामानं ओले होते. नेहानं ते दोन बोटांनी धरले. मले वाटलं आता मैदानाच्या कडेले जाऊन बसावं, कोनाले तोंड दाखवू नये. तर सर म्हणे, "तू कुठे चाललीस? तू उभी राहा. यांना शूटिंगची प्रॅक्टिस करायची आहे."

उभी राह्यली. उघड्या हातानं. अंधार पडेपर्यंत त्या बॉल मारत राह्यल्या अन् मी अडवत राह्यली. काही सुटले, पुष्कळ अडवले. शाब्बास कोनी म्हटलं नाई.

हे सांगतांना आजबी कानशिलं तापतात. एका जागी बसून सांगता येत नाई मले. मंधात उठून चकरा माराव्या लागतात.

मी मानोऱ्याकडची. पोहरादेवीच्या अलीकडं आमचा तांडा. आईले आमी याडी म्हणतो. याडी अन् बापू दिवाळी झाली का ऊस तोडाले जातात, पार तिकडच्या कारखान्यावर, अन् होळीच्या मागंपुढं वापस येतात. तिथी माणसं मोजत नाई, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हंजे अर्धा कोयता, अन् अर्ध्याले कोनी पुसत नाई. म्हून आमच्याकडं पोरगी जरा खांद्याले लागली का तिची जोडी लावून देतात.

दसऱ्याच्या सुमाराले मुकादम येते. मजूर जमा करून नेणारा. त्याची एक रीत हाय. साखर-पत्ती तो आपली आणते, चहा आमच्या चुलीवर होते. ज्यानं त्या चहाचा कप तोंडाले लावला तो बांधल्या गेला. कारखाना बंद होईपर्यंत त्याचा. सही नाई, अंगठा नाई. कप रिकामा झाला का बोली पक्की. लेकराईले तो चहा देत नाई. लेकरं नुसती पाहत बसतात.

माह्या मोठ्या बहिणीले ज्या साली त्यानं कप देला, ती लय खुश झाली होती. नववीत होती. साखर दाबून घातलेली असते ना त्यात. दोन्ही हातानं कप धरून, फुंकून फुंकून पेला तिनं. मी बाजूले बसून तिचा हेवा करत होती. याडी तिकडं तोंड फिरवून चूल फुंकत बसली, चूल चांगली पेटलेली असतांना. दिवाळीच्या आत बहिणीचं लगन झालं अन् ती ट्रकमंदी बसून गेली. तिची पुस्तकं आमच्या पत्र्याखाली खोचलेली राह्यली. उंदरानं खाल्ली.

माह्या हातात कप यायच्या अगोदर मी वाशीमले पळाली. पळाली म्हंजे आश्रमशाळेत राहून बारावी केली अन् कॉलेजात नाव टाकलं. तवा जुने सर होते. म्हातारे, तोंडाचे फटकळ, पन मनात एक अन् ओठात एक असं नाई. मी मैदानाच्या कडेनं वर्गात जाऊन राह्यली होती, एक बॉल सणकत आला अन् म्या झेलला. उसाच्या मोळ्या ट्रकवर चढतांना खाली खेळलेलं लेकरू हाय मी, वरून काही आलं तर डोळे मिटत नाई. जुने सर तिकडून ओरडले, "अवं पोरी, पुस्तकं ठेव अन् गोलात उभी राय." पन तसंच नाई घेतलं त्याईनं. दरसाली ते ट्रायल घेत, सगळ्यांसमोर. प्राचार्यांची भाची असो का कोनाची असो. त्या ट्रायलमंदी उतरून म्या ती जागा घेतली होती.

टीममधल्या बाहेरगावच्या पोरीले होस्टेलात बेड भेटे, मेसमंदी जेवण भेटे. बापूनं तवाच साफ सांगून टाकलं होतं, बेड हाय तवर शीक. बेड गेला तर तुले तांड्यात एकटी ठेवनार नाई, संग यायचं. अन् संग यायचं म्हंजे जोडी लावूनच. बापू वाईट माणूस नाई. त्याले दुसरं काही दिसलंच नाई आयुष्यात. तर माह्यासाठी तो नुसता खेळ नोयता. त्या दोन खांबाच्या मंधात म्या माहं लगन अडवून धरलं होतं.

जुने सर रिटायर झाले, नवे आले. गळ्यात शिट्टी, डोळ्यावर काळा चष्मा, अन् मागं त्यांची पोरींची टोळी. ते ज्या कॉलेजात जातात तिथी आपल्या पोरी घेऊन जातात. त्याईची नावं दाखल होतात, ढाल येते, फोटो येते, संस्थेवाले खुश. मंग दोन-तीन सालानं सर दुसरीकडं, पोरीबी दुसरीकडं. ट्रायल-फ्रायल काही नाई. आमच्या पोरी एकेक करून घरी बसवल्या. वर्षा आमची कॅप्टन होती, वाशीमच्या बाहेर तिच्या घरचा भाजीपाल्याचा मळा हाय. तिले सर म्हणे, तू जाड आहेस. ती म्हणे बरं झालं, मेथीच्या जुड्या बांधाले माणूस कमीच होतं घरी. अन् हसत हसत गेली. घरी जाऊन कशी रडली असन ते मले माहीत हाय.

माह्यापाशी मळा नोयता. मी राह्यली. टीममंदी नाई, प्रॅक्टिसच्या गोलात. तिथी उभी राह्यली तर बेड राहीन, असं सरांनी सांगितलं.

सरांनी पहिल्याच दिवशी इचारलं होतं, आईवडील काय करतात. म्या सांगितलं, लाजाचं काय त्यात. तवापासून माहं नाव गेलं. कोयता, गोलात उभी राहा. कोयता, यांची जर्सी धुऊन टाक. कोयता, बाटल्या भरून आण. ऐकून ऐकून होस्टेलच्या पोरीबी तसंच म्हणाले लागल्या. एकदा मेसवाली मावशी म्हणे, कोयते, अजून एक भाकर घे वं. मायेनं म्हणे बिचारी. तिले वाटलं नावच हाय माहं. त्या दिवशी ती भाकर म्या ताटात तशीच ठेवली.

बोटं सुजली. भाकर मोडता येईना, पेन धरता येईना. काहून सोसलं म्हणान तर बेडासाठी. खोटं कायले बोलू. अडला हरी गाढवाचे पाय धरी. रोज मनाले समजावे, बाई, गप राय, पाठ टेकाले जागा हाय ना.

नेहा होस्टेलात माह्याच खोलीत होती. तिच्याशी मी बोलत नोयती. एका सकाळी ती मलम घेऊन माह्या बेडावर येऊन बसली, माहा हात ओढून बोटाईले मलम लावाले लागली. खाली पाहतच म्हणे, "मागच्या कॉलेजात पण एक होती अशी. तिच्या जागेवर मी आले. आता सर अजून कुणाला तरी बघून ठेवतायत, मग तुझ्या जागेवर मी." तिचा राग होता मले, तो त्या सकाळी उतरला. पन राग गेला नाई. त्यानं जागा बदलली.

दसरा झाला अन् सरांनी मले त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची देली. पहिल्यांदा बेटा म्हणाले. शिपायाले सांगून चहा मांगवला. मी बसली आपली खुर्चीच्या टोकावर. मनात आलं, देवा, टीममंदी घेतात का काय मले. कप हातात घेतला अन् सर बोलाले लागले.

"तुमच्या तांड्यातल्या पोरी दणकट असतात. पुढच्या वर्षी तुझ्यासारख्या दोन-तीन घेऊन ये. प्रॅक्टिसला उभ्या राहतील, कपडे-बिपडे बघतील. त्यांनाही बेड देऊ. तू त्यांची मुकादम."

मुकादम म्हणतांना ते हसले. त्याईले वाटलं मोठं पद देलं मले.

चहावर साय आली होती. साखर दाबून घातलेली, वासावरूनच समजे. अन् मले तिथी आमची चूल दिसली. बहीण दिसली, फुंकून फुंकून पेणारी. याडीचं फिरवलेलं तोंड दिसलं. तवा समजलं बाप्पा, मी कोठी पळून आलीच नोयती. ऊस सुटला, बॉल आला, मुकादम तोच. रोज संध्याकाळी मी याचाच चहा पेऊन राह्यली होती, कप तेवढा आज हातात आला. अन् आता म्हणे हाच चहा तू तांड्यात जाऊन दुसऱ्याच्या पोरीले पाज. माह्यावरचं म्या सोसलं होतं. हे सोसलं असतं तर माहं सगळंच गेलं असतं.

म्या कप टेबलावर ठेवला. तोंडाले न लावता.

"मी हा चहा पेत नाई, सर."

"का? घे की."

"तुमचा पेत नाई. माहं नाव कोयता नाई. माही अन् नेहाची ट्रायल घ्या, सगळ्यांसमोर. हारली तर मी आपून बेड सोडते. पन पोरी मी आणून देनार नाई."

आवाज नीट निघाला, माहं मलेच नवल वाटलं. सरांचं हसू गेलं. म्हणे, "बेड आजच रिकामा कर."

गाठोडं बांधलं. नेहा दारात ग्लोव्हज घेऊन उभी, घे म्हणे. नाई घेतले. तिले म्हटलं, मले ग्लोव्हज नाई, ट्रायल पायजे. ती बाजूले झाली.

वर्षाले फोन लावला तर ती गाडी घेऊन फाटकावर हजर. म्हणे, आल्या का कीपरबाई मेथीवर. आता मी तिच्या घरी, भाजीच्या खोलीत, क्रेटाच्या बाजूले पथारी टाकते. पहाटे जुड्या बांधते अन् कॉलेजात जाते. सुजल्या बोटानं गाठ बसत नाई, तिची आई करवादते. तिचंबी खरं हाय, परक्याची पोरगी किती दिवस ठेवन कोनी.

बापूले होस्टेलातून कळलंच. त्याचा फोन आला. मुकादम घरी बसला हाय म्हणे, तुहा कप ओतून ठेवला हाय. पोरगाबी पाहून ठेवला होता. म्या म्हटलं, "बापू, तू पेशील तर तुहा पे. माह्या नावाचा कोनी पेऊ नोका." तवाच मागं काहीतरी आपटल्याचा आवाज आला अन् फोन कटला. याडीनं तो कप फेकला का मुकादम रागानं उठला, मले अजून माहीत नाई. फोन लागत नाई. रोज लावते.

बेड सुटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, प्रॅक्टिसच्या टायमाले, मी मैदानावर गेली अन् रस्त्याकडच्या गोलात जाऊन उभी राह्यली. टीममधून काढता येते मले, कॉलेजातून काढता येत नाई. माहं नाव हाय तिथी. सर आले, हट म्हणे. म्या म्हटलं ट्रायल घ्या. सरांनी पोरीले सांगितलं, मारा. त्याईनं मारले. काही अडवले, काही तोंडावर बसले. हटली नाई. मंग वर्षा येऊन खांबाले टेकून बसली. दोन दिवसानं आमच्यातल्या त्या दोघी आल्या, त्याच, पहिल्या दिवशी हसलेल्या. म्या त्याईले बसा म्हटलं.

प्राचार्यांनी बोलावलं. सरांची माफी मांग, बेड वापस देऊ म्हणे. चहाचं इचारलं त्याईनंबी. म्या म्हटलं चहा नोका सांगू, ट्रायलची तारीख सांगा. पाहू म्हणे. मी वापस येऊन गोलात उभी राह्यली.

आता सर दुसऱ्या गोलावर प्रॅक्टिस घेतात. मी दिसतच नाई असं करतात. नेहा तिकडच्या गोलात उभी राह्यते अन् इकडं पाह्यते.

येत्या सोमवारी आमच्याच मैदानावर कॉलेजा-कॉलेजाच्या मॅच हायेत. रिसोडची टीम येनार, बाहेरच्या बाकी टीमा येनार. मांडव पडून राह्यला. संस्थेचे लोक सोफ्यावर बसनार. मीबी असन, माह्या जागेवर. उचलून नेनार असतीन तर सगळ्यांसमोर नेऊ दे. सोडलं का पुन्हा येऊन उभी राहीन.

प्रॅक्टिस एका गोलावर होते. मॅच होत नाई.