आक्काला केलेला फोन

हिरामण गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला. सकाळची वेळ होती. "काका, बापू गेले," एवढंच तो बोलला. त्या क्षणी मला आमची जन्मभराची सोबत आठवायला हवी होती; आठवला तो दिवाळीत मी हिरामणच्या वतीने केलेला एक फोन. त्याच्या नातेवाइकांत आज त्याच्याविषयी जे बोललं जातं, ते खरं नाही. ते माझ्या तोंडून निघालेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघे तरुणपणी खानदेशातून सुरतेला आलो आणि जवळच कडोदऱ्याला एकाच मालकाकडे कापडाच्या लूमवर लागलो. लूमच्या खडखडाटाने माझे कान थोडे गेले, त्याचे जवळजवळ पूर्ण. समोरासमोर बोललं तर ओठांवरून त्याला कळायचं, पण फोन त्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता. त्याचे सगळे फोन मीच करायचो. वाचायला कान लागत नाहीत, म्हणून तो वाचू लागला. रद्दीवाल्याकडून किलोवर मराठी पुस्तकं आणायचा, पुष्कळदा पहिली पानं फाटलेली. "सुरवात आपुन करी लेवानी," म्हणायचा.

गेल्या दिवाळीत कारखाने बंद झाले, दोघांच्याही घरची माणसं गावाकडे गेली आणि आम्ही म्हातारे मागे राहिलो. हिरामणला महिनाभर दम लागत होता. जिना चढताना मधेच थांबून भिंतीवरचं पोस्टर वाचल्यासारखं करायचा. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. त्या आठवड्यात आम्ही माझ्याच खोलीत राहिलो. एक वेळ खिचडी, एक वेळ दूध-भाकरी, फराळाचा डबाही उघडला नाही. दुपारी तो वाचायचा, संध्याकाळी माझ्या मोबाईलवर परदेशातल्या सायकल शर्यती बघायचा. आवाज बंदच. घाटात सायकलस्वारांच्या माना खाली जायला लागल्या की हा पुढे सरकून बसायचा. "दखाड रे जरा जवळ," म्हणत मोबाईल ओढून घ्यायचा. इतका निवांत मी त्याला कधी पाहिला नव्हता... आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची सोबत सोडवत नव्हती.

भाऊबीज मात्र जवळ येत होती. हिरामणची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, दोंडाईच्याजवळ दिलेली. दर दिवाळीला तो स्वतः जाऊन तिला माहेरी न्यायचा. आमच्याकडे न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. तो आल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. मी त्याला चिडवलं, "एवढी म्हातारी बहीण, तिले आजून मुराळी लागस?"

"तिले नही लागत. माले लागस," तो म्हणाला.

आदल्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो निघालाच. मी दारात आडवा झालो. बराच वाद झाला. शेवटी तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "मंग तू फोन कर. पोऱ्या लेवाले येई, सांग. पन माले दम लागस हाई सांगू नको. ती पायी येई."

मी फोन लावला. आक्काने पहिलाच प्रश्न केला, "हिरामण कव्हय निंघना?" मी गडबडलो. आजारपण सांगायचं नव्हतं, दुसरं काही सुचेना. हसत म्हणालो, "त्याला कुठली सवड, आक्का! तो सायकलींची शर्यत बघत बसलाय. पोरगा येईल न्यायला." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी वळलो तेव्हा हिरामण माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. माझं बोलणं त्याला कळू नये म्हणून मी खिडकीकडे वळून बोललो होतो. "काय म्हने?" त्याने विचारलं.

"म्हनस, तब्येत सांभाळ."

तो समाधानाने आडवा झाला. आक्का भाच्यासोबत गेली नाही.

तापीकाठी दहाव्याला ती आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "मन्हा भाऊले सायकली देखाले येळ व्हता, बहिननी याद नही उनी." बायकांनी माना हलवल्या. मी दोन माणसं सोडून बसलो होतो. मान खाली घालून बसूनच राहिलो.

मागच्या आठवड्यात आक्काच्या गावी गेलो. आक्का ओसरीवर तूर निवडत होती. सगळं सांगितलं, खिडकीकडे वळलो होतो तेही. तिचे हात थांबले. "तू कसाले खोटं बोलना?" एवढंच विचारलं. मग तूर बाजूला सारून म्हणाली, "काय देखे तो? माले दखाड."

मी मोबाईलवर एक शर्यत लावली. तिने तो हात लांब करून धरला. सून चहाचं विचारायला आली, तिला हातानेच थांबवलं. पडद्यावर घाट सुरू झाला. तोंडं उघडी पडलेली, खांदे वरखाली होणारी माणसं एकामागून एक वर चढत होती. आक्का बघत राहिली.

"हिरामणले बी अशीच धाप लागे का?"

"हो, आक्का," मी म्हणालो.

तिने पदर तोंडाला लावला. मोबाईल मात्र खाली ठेवला नाही.