चक्कीत न दळलेले शेंगदाणे

घरघंटी बसवून झाली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावले आणि मामांनी मोडनिंबहून पाठवलेली ज्वारी पहिले दळण म्हणून घातली. लहान कपाटाएवढी ही घरगुती चक्की विजेवर चालते. वरून धान्य ओतायचे, खालच्या डब्यात पीठ पडते. गिरणीपर्यंत डबा वाहून नेणे वाचले, एवढाच तिचा उपयोग. तरी त्या आठवड्यात आईने गल्लीतल्या निम्म्या बायकांना ती चालवून दाखवली.

दुसरा महिना पुरा व्हायच्या आत ती बंद पडली. आधी करपल्याचा वास आला, मग नुसती घरघर ऐकू येत राहिली, मग तीही थांबली. बिल होते, वॉरंटीचे कार्ड होते. दुकानात फोन केला. कंपनीचा मेकॅनिक येईल असे सांगण्यात आले आणि तो आलाही.

आईचा उद्योग इथे सांगणे भाग आहे. ती शेंगदाण्याची चटणी करून विकते. सोलापुरात चटणी विकणारी घरे पुष्कळ आहेत. आईकडे लोक येतात, कारण तिची चटणी उखळात कुटलेली असते. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ मुसळाखाली तेल सुटेपर्यंत कुटले की जी ओलसर लाल चटणी होते, ती कुठल्याही यंत्रातून निघत नाही, असे तिचे आणि तिच्या गिऱ्हाइकांचे ठाम मत आहे. या मताची कोणी चाचणी घेतल्याचे ऐकिवात नव्हते.

मेकॅनिक पन्नाशीचा, पुण्याहून नुकताच बदलून आलेला. स्वयंपाकघरात दाण्याचे पोते, परातीत गार होत असलेले दाणे, आणि सगळ्या घराला भाजक्या दाण्याचा वास. त्याने चक्की उघडली, दळण्याच्या कप्प्यात बोट फिरवले आणि ते वर धरले. बोट तेलकट काळे होते.

"यात शेंगदाणे दळलेत तुम्ही."

"काय?" आई म्हणाली.

"तेल आहे हे. तेलबिया दळल्या की वॉरंटी जाते. पुस्तकात लिहिलेलं आहे."

"वास घ्या की त्या बोटाचा."

"मला सर्दी आहे, मावशी."

शेजारच्या काकू तेव्हा विरजण मागायला दारात उभ्या होत्या. त्यामुळे पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. संध्याकाळी एक जुने गिऱ्हाईक नेहमीची चटणी न्यायला आले आणि पिशवी पुढे करण्याआधी म्हणाले, "अक्का, आता मशिनीत करताय म्हणं चटणी? न्हाय, सहज इचारलं."

चटणी घेतली त्यांनी, पण नेहमीच्या निम्मीच.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा गोड आवाजातला फोन आला. वापरात चूक झाल्याचे मान्य करून सही दिली तर सदिच्छा म्हणून दुरुस्ती निम्म्या खर्चात होईल. प्रस्ताव व्यवहार्य होता आणि मी आईला तसे सांगितले.

"बेड," आई म्हणाली. ठाम नकार द्यायचा असला की ती कानडीत देते. "चक्की जाऊ दे खड्ड्यात. मी दाणे दळले अशी सही? उद्या माझ्या उखळाला कोण इचारील?"

वर्तमानपत्रात असताना ग्राहकांच्या तक्रारींच्या बातम्या मी पुष्कळ केल्या होत्या. त्यांतून आलेली माहिती मी तिला दिली. वॉरंटीच्या मुदतीत वस्तू बिघडली आणि कंपनी म्हणाली की चूक तुमची, तर तेवढ्यावर गप्प बसायचे नाही. कशावरून, हे लेखी मागायचे. तक्रार दुकानदार आणि कंपनी दोघांविरुद्ध करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात वकील लागतोच असे नाही. तोवर बिल जपायचे, चक्कीचे फोटो काढायचे, कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

आईने सगळे शांतपणे ऐकले. फोटो काढू दिले. कप्प्यातली ती काळी घाण तिने कागदावर पुसून घेतली. पीठ ज्यातून खाली पडते ती चक्कीची जाळी हाताने निघते. ती काढून पिशवीत ठेवली. मग पावशेर भाजलेले दाणे बांधून घेतले.

"दाणे कशाला?" मी विचारले.

"आयोगाच्या आधी दुकान बघू की."

दुकानदार आमच्या ओळखीचे होते. त्यांच्या घरी चटणी आईचीच जाते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि नेमके तेच वाक्य म्हटले जे मी बातम्यांत अनेकदा लिहिले होते, "आमी नुसतं विकतो हो अक्का. मेकॅनिक कंपनीचा, निर्णय कंपनीचा."

"तुमी बिल दिलं न्हाय का?" आईने विचारले.

"दिलं की."

"मग ऱ्हाऊ द्या कंपनी. ती चालू करा." तिने दारातल्या चक्कीकडे बोट केले. गिऱ्हाइकांना दाखवायला ती तिथे कायम जोडलेली असते. आईने पुरचुंडी सोडली. "ह्यात चटणी करून द्या मला."

दुकानात मिक्सर बघायला आलेले एक जोडपे सरकून जवळ आले. दुकानदार हसले. "अक्का, चोकअप होईल ती. जाळी बसंल."

"होऊ द्या. मी घरात केली म्हणताय न्हवं? मला लई चांगली जमली असंल. तुमाला बी जमंल."

"अहो, दाखवायची मशीन हाय ती!"

"म्हणूनच म्हणते, दाखवा."

जोडप्यातली बाई म्हणाली, "दाखवा की हो. आमाला बी घ्यायचीय."

दुकानदारांचा नाइलाज झाला. दाणे वरून घातले. खाली थोडासा भुगा पडला, मग चक्कीचा आवाज जड झाला आणि खाली काही पडेनासे झाले. बटण बंद करून त्यांनी जाळी काढली. सगळी भोके पिवळट लगद्याने लिंपली होती. आईने पिशवीतून आमची जाळी काढून शेजारी उभी धरली. तिच्या भोकांतून पलीकडचे पंखे दिसत होते.

दुकानदारांनी मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जाळी धुतली असेल," पलीकडून आवाज आला.

दुकानदारांनी आईच्या हातातला तो काळा कागद घेतला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. "धुतली असंल हो. पण ग्रीस कुटनं आणलं अक्कांनी? हे ग्रीस हाय, साहेब. तुमची सर्दी गेली का?"

मिक्सर बघायला आलेले जोडपे मोठ्याने हसले. आई हसली नाही. ती चहा पीत होती.

पुढचे काम मी केले. फोटो आणि दुकानदारांचे दोन ओळींचे म्हणणे जोडून दोघांच्या नावे लेखी तक्रार दिली. आयोगापर्यंत जावे लागले नाही. बेअरिंगचे सील फुटून ग्रीस आत उतरले होते, असे कंपनीने कळवले आणि चक्की बदलून देण्याचे मान्य केले. मला हे पुरेसे वाटले. आईची एक अट शिल्लक होती.

नवी चक्की घेऊन तोच मेकॅनिक आला. आईने शेजारच्या काकूंना हाक मारली. योगायोगाने ते जुने गिऱ्हाईकही आले होते. तो योगायोग आईने सकाळी फोन करून घडवला होता.

"सांगा ह्यांना," ती मेकॅनिकला म्हणाली.

तो घसा खाकरून म्हणाला, "चक्कीत शेंगदाणे दळले नव्हते."

"मोठ्यानं. काकूंना कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं!" काकू म्हणाल्या.

"दळले नव्हते!" मेकॅनिक जवळजवळ ओरडला आणि मग स्वतःच हसू लागला. गिऱ्हाइकाने पिशवी पुढे केली आणि दुप्पट चटणी मागितली.

चक्की बसली, ज्वारीचे पीठ पडले, आईने लगेच भाकरी थापल्या. मेकॅनिक जेवायला बसला. चटणीच्या पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तिसऱ्याला त्याने दही मागितले. दही काकूंनी आणून दिले. निघताना त्याने अर्धा किलो चटणी पुण्याला न्यायला बांधून मागितली.

आईने पुडी त्याच्या हातात दिली.

"दळलेली निघाली तर परत आणा," ती म्हणाली. "सही न घेता बदलून देते."