थिएटरची मागची खिडकी

शेजारी बोंबील वाळत पडले की मला अलिबागजवळचं ते छोटं हॉस्पिटल आठवतं. तिथे मी ऑपरेशनला भूल द्यायचो आणि थिएटरमागे वाळणाऱ्या मासळीला नाकं मुरडायचो. पेशंटच्या श्वासातून सुटणारा भुलीचा गॅस बाहेर जावा म्हणून मशीनची नळी मागच्या खिडकीतून सोडलेली होती. वास नको म्हणून मी शहाण्याने ती आत ओढून खिडकीच लावून टाकली. डिग्री भिंतीवर, अक्कल बोंबलांसोबत वाळत! महिन्याभरात आमच्या सिस्टरचं डोकं रोज दुखू लागलं. "नवऱ्याशी भांडून येता वाटतं?" मी विनोद केला. "डॉक्टर, खिडकी उघडा. बोंबलाच्या वासानं आम्हा कोळ्यांचं डोकं कधी दुखलं न्हाय," ती म्हणाली, आणि मग हळूच, "मला तिसरा महिना हाय." मी घाईघाईने नळी बाहेर सोडली. पंधरा दिवसांनी तिचा गर्भ पडला. गॅसमुळेच पडला असं कोणी म्हणालं नाही; नळीचं मीही कोणाला सांगितलं नाही. रजेवरून परतल्यावर ती रोज माझ्याआधी येऊन खिडकी उघडायची आणि माझ्याकडे न बघता कामाला लागायची. आजही तो वास आला की बायको खिडकी लावायला उठते. मी म्हणतो, राहू दे उघडी.